मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म : इ.स. १५४८ च्या सुमारास, इथिओपिया, मृत्यू : मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर, सेनापती आणि सुमारे पाव शतक तिचा प्रत्यक्ष सूत्रधार होता. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी तरुण दख्खनमधील यादवीच्या धामधुमीत पुढे आला. अकबर आणि जहांगीर या दोन मोगल बादशहांच्या फौजांना त्याने दख्खनच्या उंबरठ्यावर थोपवून धरले. गनिमी काव्याच्या युद्धपद्धतीचा आरंभीचा कुशल सेनानी, मलिकंबरी धाऱ्याचा कर्ता आणि खडकी (नंतरचे औरंगाबाद, सध्याचे छत्रपती संभाजीनगर) या शहराचा संस्थापक म्हणूनही तो ओळखला जातो.

शालेय पाठ्यपुस्तकांत मलिक अंबर बहुधा शहाजीराजांच्या प्रकरणात दोन-चार वाक्यांपुरता येतो. त्यामुळे तो कोठून आला आणि एका गुलामाच्या हाती राज्याची सूत्रे कशी गेली, हे प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात उद्भवतच नाहीत. त्यांची उत्तरे त्या काळच्या गुलामगिरीच्या पद्धतीत आहेत.

दख्खनमधील लष्करी गुलामगिरी

गुलामगिरी म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील कापसाचे मळे आणि १८६१ ते १८६५ या काळात तेथे झालेले यादवी युद्ध उभे राहते. ते युद्ध गुलामगिरी राहावी की जावी या प्रश्नातून पेटले. सोळाव्या शतकातील दख्खनमध्ये हा प्रश्न कोणी उपस्थितच केला नव्हता. गुलाम खरेदी करणे, त्यास शस्त्रविद्या शिकविणे आणि पदरी बाळगणे ही दरबारातील सर्वमान्य रीत होती. मात्र या रीतीमुळे दरबारात जे गट तयार झाले, त्यांच्यातील वैरातून निजामशाहीची यादवी उद्भवली.

ज्याला भाऊबंद नाहीत, वतन नाही आणि परत जाण्यासाठी गाव नाही असा माणूस धन्याशीच एकनिष्ठ राहील, असे सुलतानांचे आणि त्यांच्या अमिरांचे गणित होते. स्थानिक सरदारांचे नातेगोते सर्वत्र पसरलेले असे व त्यांच्या निष्ठा केव्हा फिरतील याचा नेम नसे. म्हणून तांबड्या समुद्राच्या मार्गाने आफ्रिकेतून हबशी मुले विकत आणली जात. हिंदुस्थानातील सुती कापड त्या बाजूस जाई आणि तिकडून माणसे येत. निजामशाहीच्या ताब्यातील चौल हे बंदर पश्चिम आशियाशी चालणाऱ्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. हबसाणातून आलेले म्हणून या लोकांस हबशी म्हणत. सिद्दी हे नावही त्यांच्यासाठी रूढ झाले.

हे गुलाम शेतात राबण्यासाठी नसून लढण्यासाठी व कारभारासाठी असत. धनी मरण पावला की त्यांपैकी पुष्कळांस मुक्तता मिळे. गुलामाच्या मुलाने गुलामच राहिले पाहिजे असा कडक नियम नव्हता. मुक्त झालेला हबशी आपले पथक घेऊन एखाद्या सरदाराकडे चाकरी धरी आणि कर्तृत्व असल्यास स्वतः सरदार होई. यामुळे ही पद्धत सौम्य होती असे मात्र समजू नये. मुलाला आईबापांपासून तोडणे, त्याचे नाव व धर्म बदलणे आणि बाजारात त्याची किंमत ठरविणे यांवरच ती उभी होती.

खुद्द निजामशाहीच्या मुळाशीही एक गुलामच होता. या घराण्याचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण कुळातील मुलगा होता. बहमनी फौजेने त्यास युद्धात पकडून नेले व तो सुलतानाचा गुलाम झाला. त्याचे घराणे पाथरी (जि. परभणी) येथील कुलकर्ण्यांचे होते असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. निजाम-उल-मुल्क हा किताब मिळवून मलिक हसन बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याच्या मुलाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापून पुढे सीना नदीच्या काठी अहमदनगर वसविले. नगरच्या गादीवर गुलामाचा वंश होता आणि शेवटी ती गादी सावरून धरणाराही गुलामच निघाला.

पूर्वायुष्य

अंबरचे मूळ नाव चापू. त्याचा जन्म दक्षिण इथिओपियात झाला. दारिद्र्यामुळे आईबापांनीच त्यास विकले असे काही जण सांगतात, तर धाडीत तो पकडला गेला असे इतर म्हणतात. १६१७ मध्ये त्याच्या छावणीत जाऊन त्यास भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याच्या वृत्तान्तानुसार येमेनमधील मोखा बंदरात तो ८० गिल्डरांस विकला गेला. पुढे बगदादच्या बाजारात त्याची पुन्हा विक्री झाली. मीर कासिम या नव्या धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्यास शिक्षण दिले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव ठेवले. अंबर हे मौल्यवान सुगंधी द्रव्य आहे. हबशी गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावे देण्याची प्रथा होती. याकूत (माणिक) हे नावही त्यांच्यात वारंवार आढळते.

१५७० नंतरच्या काही वर्षांत मीर कासिमने त्यास दख्खनमध्ये आणले. तेथे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही पूर्वाश्रमीचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते असे सांगितले जाते. त्यांपैकी अंबर एक. दरबाराचे डावपेच, फौजेची व्यवस्था आणि वसुलीचा कारभार त्याने या धन्याच्या घरी जवळून पाहिला. राज्याचे मुख्य प्रधानपद हबशी गुलामाच्या आटोक्यात असते, हेही त्याने तेथेच पाहिले. थोड्याच वर्षांत चंगीजखानाचा विषप्रयोगाने मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढे अंबरने आपल्या एका मुलाचे नाव चंगीजखान ठेवले. विकत घेणाऱ्या धन्याविषयी त्याच्या मनात काय होते, याचा काही अंदाज यावरून करता येतो.

त्यानंतरची सुमारे वीस वर्षे तो भाडोत्री शिपायाचे जीवन जगला. याच काळात त्याचा विवाह झाला. त्याच्या पत्नीचे नाव बीबी करीमा होते. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशहाची चाकरी केली व तेथे त्यास मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो सुमारे १५० स्वारांनिशी अहमदनगरला परतला व अभंगखान या हबशी सरदाराच्या पथकात सामील झाला. तेव्हा त्याचे वय ४७ च्या आसपास होते. त्या काळच्या मानाने शिपाईगिरी संपण्याचे हे वय. अंबरचा उदय त्याच्या पुढचा आहे.

निजामशाहीतील यादवी

तो परतला तेव्हा राज्य आतून पोखरले गेले होते. दरबारात आफाकी आणि दख्खनी असे दोन मोठे तट होते. इराण व मध्य आशियातून आलेले ते आफाकी किंवा परदेशी. येथेच जन्मलेले व स्थायिक झालेले मुसलमान ते दख्खनी. हबशी बहुधा दख्खन्यांच्या बाजूस असत. तेही समुद्रापलीकडून आलेले खरे. पण आफाक्यांना आपल्या देशाशी व्यापाराचे, विद्येचे आणि सोयरिकीचे संबंध राखता येत. हबश्यांची तिकडची मुळे विक्रीच्या दिवशीच तुटलेली असत. दख्खनशिवाय त्यांना दुसरे घर नव्हते.

१५८८ मध्ये मुर्तजा निजामशहा पहिला याचा त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, वध करविला. पुढच्याच वर्षी मीरान हुसेनही मारला गेला. त्यानंतर जमालखान या दख्खनी सरदाराच्या पुढाकाराने अहमदनगरात आफाक्यांची कत्तल झाली. १५९१ मध्ये जमालखान रोहणखेडच्या लढाईत पडला व बुऱ्हाण निजामशहा दुसरा गादीवर आला. १५९५ मध्ये तो वारला आणि त्याचा मुलगा इब्राहीम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना मारला गेला. यानंतर दख्खनी आणि हबशी यांच्यातच फूट पडली.

एकाच वर्षी चार पक्षांनी चार जणांना सुलतान म्हणून पुढे केले. मियाँ मंजू या दख्खनी सरदाराने अहमद नावाच्या मुलास गादीवर बसविले. तो राजघराण्यातील नाहीच असा हबश्यांचा आक्षेप होता. इखलासखान या हबशी सरदाराने मोती नावाचा दुसरा मुलगा उभा केला. चांदबिबीने इब्राहीमचा अल्पवयीन मुलगा बहादूर याचा हक्क मांडला. अभंगखानाने विजापूरच्या हद्दीतून वृद्ध शहा अलीस आणले. हा बुऱ्हाण निजामशहा पहिला याचा मुलगा. त्याच्यासोबत त्याचा मुलगा मुर्तजाही होता. अंबर या चौथ्या पक्षात होता हे लक्षात ठेवावे, कारण पाच वर्षांनी त्याने जो सुलतान निवडला तो हाच मुर्तजा होय.

हबश्यांच्या वेढ्यात सापडलेल्या मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुराद यास मदतीस बोलाविले. मोगल येण्यापूर्वीच त्याने हबश्यांवर मात केली व बोलावण्याचा त्यास पश्चात्ताप झाला. पण तोवर मोगली फौज निघाली होती. निजामशाहीचा अंत करणारी सत्ता अशा रीतीने घरच्या भांडणातून निमंत्रण मिळवून आली. १५९५ च्या अखेरीस नगरच्या किल्ल्यास वेढा पडला. चांदबिबीने सुरुंगाने पडलेली भिंत रातोरात उभारून किल्ला राखला, ही कथा नगर जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. त्या वेढ्यात शहा अलीस घेऊन अभंगखानाने मोगलांची फळी रात्रीच्या अंधारात फोडून किल्ल्यात शिरण्याचा प्रयत्न केला. तो स्वतः थोड्या लोकांनिशी आत पोहोचला. शहा अलीच्या लोकांची मात्र मोठी हानी झाली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांस देऊन तह झाला.

वेढा उठला तरी यादवी थांबली नाही. पेशवेपद मिळालेल्या अभंगखानाने चांदबिबीविरुद्धच किल्ल्यास वेढा घातला. शाहजादा दानियाल चालून आला तेव्हा तो जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्यात एकाकी पडलेल्या चांदबिबीने तहाचा विचार बोलून दाखविताच फितुरीच्या संशयावरून तिच्याच लोकांनी तिला ठार केले. ऑगस्ट १६०० मध्ये मोगलांनी किल्ला घेतला आणि बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

पेशवेपद आणि राजूशी संघर्ष

राजधानी पडली, सुलतान कैदेत गेला. पण मुलूख अद्याप पुरता मोगलांच्या हाती आला नव्हता. विखुरलेले शिपाई आणि सरदार अंबरभोवती जमू लागले व १५० स्वारांचे पथक काही हजारांच्या फौजेत बदलले. १६०० मध्येच त्याने परांडा किल्ल्यात (जि. धाराशिव) शहा अलीचा मुलगा मुर्तजा यास निजामशहा म्हणून गादीवर बसविले, त्यास आपली मुलगी दिली आणि राज्याची सूत्रे स्वतःकडे घेतली. स्वतः सुलतान होण्याचा प्रयत्न त्याने कधीही केला नाही. पूर्वाश्रमीच्या गुलामास हाताखालचे अमीर राजा म्हणून मानणार नाहीत, हे त्याने पुरेपूर ओळखले असावे.

त्याचा प्रतिस्पर्धी होता राजू दख्खनी. दौलताबादच्या बाजूचा मुलूख राजूकडे आणि दक्षिणेकडचा अंबरकडे, असे उरल्यासुरल्या राज्याचेही दोन तुकडे झाले होते. मोगलांशी लढता लढता हे दोघे एकमेकांशीही लढत राहिले. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानाचा मुलगा इरज याच्याशी झालेल्या लढाईत अंबर घायाळ होऊन पडला आणि त्याच्या हबशी अनुयायांनी त्यास रणातून उचलून नेले. त्यानंतर खानखानानाशी तात्पुरता समेट करून त्याने राजूकडे लक्ष वळविले. १६०७ च्या सुमारास राजू त्याच्या हाती लागला. राजधानी प्रथम जुन्नरला आणि नंतर दौलताबादला नेण्यात आली. अशा रीतीने १५९५ पासूनची यादवी बारा वर्षांनी संपली.

१६१० मध्ये अंबरने अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला. त्याच वर्षी दरबारात एक भीषण प्रकरण घडले. मुर्तजाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि तिच्या बापाचाही अपमान केला. मुलीने हे बापास कळविले आणि अंबरने सुलतान व ती बेगम या दोघांस विष देवविले, अशी हकिकत व्हान डेन ब्रुक देतो. मुर्तजा अंबरविरुद्ध कारस्थानेही करीत होता, तेव्हा कारण केवळ अपमानाचे नसावे. तरीही सर्व सत्ता हाती असलेल्या माणसाच्या घरी तो एक शब्द पन्नास वर्षांनंतरही किती झोंबत होता, हे या हकिकतीवरून दिसते. मुर्तजाच्या जागी त्याचा पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा तिसरा म्हणून गादीवर आला.

मोगलांशी युद्धे

जहांगीरने दख्खनच्या मोहिमेवर खानखानान अब्दुर्रहीम, शाहजादा परवीज, खानजहान लोदी, अब्दुल्लाखान असे एकामागून एक सेनानी पाठविले. अंबर त्यांना मोकळ्या मैदानात क्वचितच भेटे. हलक्या घोडदळाने शत्रूची रसद तोडावी, छावणीभोवती घिरट्या घालाव्यात, रात्री छापे घालावेत, पाठलाग झाला की डोंगरात शिरावे आणि मोगली फौज थकून परतू लागली की पिछाडीवर तुटून पडावे, ही त्याची रीत. मोगलांचे बळ जड तोफखान्यात व चिलखती स्वारांत होते. सह्याद्रीच्या घाटवाटांत ते त्यांस ओझेच झाले. नाशिकच्या बाजूने चालून आलेल्या अब्दुल्लाखानाची या पद्धतीने पुरती दैना झाली.

या युद्धपद्धतीचा कणा होते मराठे बारगीर व शिलेदार. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने १६१० च्या सुमारास अंबरच्या फौजेत १०,००० हबशी व ४०,००० दख्खनी असल्याचे नोंदविले आहे. जाधव, भोसले इत्यादी मराठा घराण्यांचा उत्कर्ष याच काळातला. एकीकडे समुद्रापलीकडून विकत आणलेले व जमिनीशी नाते नसलेले हबशी, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतनांना चिकटलेले मराठे. या दोघांना एका झेंड्याखाली आणणे ही अंबरची खरी कमाई होय. मात्र ही मोट कायम बांधलेली राहिली नाही. १६१६ मध्ये काही मराठा सरदार मोगलांना मिळाले आणि जालन्याजवळील रोशनगावच्या लढाईत शाहनवाजखानाने (नांदेडच्या लढाईतील इरज तो हाच) अंबरचा पराभव केला. मोगलांनी खडकी शहर लुटून उद्ध्वस्त केले. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम (नंतरचा शाहजहान) मोठी फौज घेऊन आला. तेव्हा अहमदनगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख परत देऊन अंबरने तह केला. १६२० मध्ये त्याने तह मोडला. १६२१ मध्ये खुर्रम पुन्हा आला व पुन्हा तह झाला. हरल्यावर नमते घ्यावे, सैन्य वाचवावे आणि मोगलांचे लक्ष उत्तरेकडे वळताच गेलेला मुलूख परत घ्यावा, हा क्रम त्याने न कंटाळता चालविला.

जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख शिवीगाळ केल्याशिवाय सहसा करीत नाही. त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, काढलेल्या एका चित्रात बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. हे चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधीही लागला नाही. जे रणात साधले नाही ते कागदावर साधून घेतले गेले.

भातवडीची लढाई

१६२४ मध्ये विजापूरचा इब्राहीम आदिलशहा आणि मोगल एकत्र आले. अंबरने कुतुबशाहीशी संधान बांधून थेट विजापूरवर चाल केली. तेव्हा बुऱ्हाणपूरला मोगलांच्या मदतीस गेलेला विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मोगली कुमक घेऊन परत फिरला. अंबर मागे हटत नगरच्या मुलखात आला व अहमदनगरपासून सुमारे १६ किलोमीटरवर असलेल्या भातवडी येथे त्याने तळ दिला.

भातवडीस मेहेकरी नदीच्या खोऱ्यात निजामशाहीतील मोठा तलाव आहे. पावसाळ्याचे दिवस होते. अंबरने तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या वाटेवर सोडले. काळ्या जमिनीचा चिखल झाला. नगर तालुक्यातील काळ्या रानातून आषाढ-श्रावणात बैलगाडी हाकलेल्या माणसास त्या फौजेच्या अवस्थेची कल्पना सहज येईल. तोफा व हत्ती रुतले, दाणागोटा मिळेना, रात्री छापे पडत राहिले आणि उपाशी शिपाई फुटून अंबरकडे येऊ लागले. अखेरच्या हल्ल्यात मुल्ला मुहम्मद मारला गेला व लष्करखान आदी मोगल सरदार कैद होऊन दौलताबादला गेले.

या लढाईत शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजीराजे अंबरच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांच्या पक्षात होते. शरीफजीराजे रणात पडले. त्यांची समाधी भातवडीस आहे. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात या लढाईचे विस्तृत वर्णन येते. विजयानंतर अंबरने विजापूरजवळील नवरसपूर लुटले आणि सोलापूरचा किल्ला घेतला. तथापि शहाजीराजे १६२५ मध्ये त्याची चाकरी सोडून विजापूरकरांकडे गेले. इतकी मोठी लढाई जेथे झाली त्या गावी नगरहून तासाभरात जाऊन येता येते. शाळांच्या सहली मात्र तिकडे फारशा वळत नाहीत.

मलिकंबरी धारा

सततच्या युद्धांनी मुलूख उजाड झाला होता. गावे ओस पडली होती. वसुलाचा मक्ता घेणारे इजारदार रयतेस पिळून काढीत. अंबरने मक्त्याची पद्धत बंद केली. राजा तोडरमलाच्या पद्धतीच्या धर्तीवर त्याने जमिनीची प्रतवारी केली, बागायत व जिरायत वेगळी धरली आणि अनेक वर्षांच्या पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविला. आरंभी उत्पन्नाचा दोन-पंचमांश भाग धान्यरूपाने घेत. नंतर त्याऐवजी सुमारे एक-तृतीयांश किमतीइतकी रोख रक्कम ठरली, असे परंपरेने सांगितले जाते. पीक बुडाल्यास सूट मिळे. वसुलीची जबाबदारी पाटील-कुलकर्ण्यांवर होती व त्यांच्या वतनास संरक्षण होते. रयतेचे मिरासी हक्कही मान्य केले गेले. त्याच्या कारकिर्दीतील फारसी मजकुरासोबत मराठी मजकूर असलेली खुर्दखते उपलब्ध आहेत. गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत व्यवहार होत होता याचा तो पुरावा होय.

मलिकंबरी हा शब्द त्याच्यानंतर दोन शतके महसुली कागदपत्रांत टिकला. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जी घडी बसविली तीही मुख्यतः याच पद्धतीवर. पेशवाईच्या अस्तानंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमाबंदीची चौकशी आरंभिली तेव्हा जुने लोक त्यांना मलिक अंबरच्या धाऱ्याचा दाखला देत.

खडकी

दौलताबादजवळील खडकी या खेड्याच्या जागी अंबरने १६१० मध्ये नवे शहर वसविण्यास प्रारंभ केला. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. पाण्यासाठी त्याने नहर-ए-अंबरी बांधला. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातील झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून, कोठेही यंत्र न लावता केवळ उताराच्या आधारे शहरात आणले होते. ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी व साफसफाईसाठी उसासे ठेवलेले होते. ही योजना सुरुवातीस दरबारातील काहींनी थट्टेवारी नेली असे सांगतात. मोगलांनी शहर दोनदा लुटले, तरी जमिनीखालचा नहर शाबूत राहिला व पुढे शतकानुशतके शहरास पाणी देत राहिला.

गुलामांचा धनी

अंबरने गुलामगिरी बंद केली नाही, किंबहुना तसा विचारही केल्याचे दिसत नाही. उलट चंगीजखानाप्रमाणेच त्याने हबशी मुले विकत घेतली, त्यांस कुराण व शस्त्रविद्या शिकविली आणि आपल्या खास पथकांत घेतले. अलीकडे त्यास गुलामांचा मुक्तिदाता म्हणून रंगविण्याचा मोह काही लेखकांना होतो. त्यास आधार नाही. ज्या पद्धतीने त्याला घर, नाव व भाषा यांपासून तोडले, तिच्याच आधारे त्याने सत्ता मिळविली व टिकविली. दुसऱ्या बाजूस, जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजात त्याने मराठा शिलेदारास, ब्राह्मण कारकुनास आणि हबशी गुलामास कर्तृत्वानुसार काम दिले, हेही नोंदविले पाहिजे.

मृत्यू आणि नंतर

मे १६२६ मध्ये सुमारे ७८ वर्षांच्या वयात मलिक अंबरचा मृत्यू झाला. जहांगीरच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणाऱ्या मुतमदखानाने शत्रुपक्षातील असूनही या प्रसंगी त्याच्या रणकौशल्याची, न्यायाची आणि कारभाराची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. खुलताबाद येथे त्याने स्वतःच्या हयातीत बांधविलेल्या घुमटात त्याचे दफन झाले. बीबी करीमाची कबरही जवळच आहे.

त्याच्यामागे मुलगा फत्तेखान पेशवा झाला. त्याने खडकीचे नाव फत्तेनगर ठेवले. पण बापाची जरब त्याच्यापाशी नव्हती. दरबारातील जुने तट पुन्हा जागे झाले. निजामशहाने फत्तेखानास कैदेत टाकले. सुटल्यावर त्याने निजामशहाचाच वध करविला आणि एका अल्पवयीन मुलास गादीवर बसविले. १६३३ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर त्याने दौलताबाद मोगल सेनापती महाबतखानाच्या स्वाधीन केले. तो बाल सुलतानही बहादूरप्रमाणे ग्वाल्हेरला कैदेत गेला. यानंतर शहाजीराजांनी अंबरचाच मार्ग अनुसरून निजामशाही घराण्यातील आणखी एक मुलगा गादीवर बसविला व तीन वर्षे राज्य चालविले. १६३६ मध्ये शाहजहान व आदिलशहा यांच्या संयुक्त फौजांपुढे त्यांना हा मुलगा मोगलांच्या हवाली करावा लागला आणि निजामशाही संपली. कोकण किनाऱ्यावरील जंजिरा मात्र सिद्दींकडेच राहिला आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले.